घरच्या रद्दीचा कागद आणि काकूच्या बचत गटाचा हिशेब

वर्ध्याहून बोलतोय. आजचा विषय हातकागद. घरातली रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा, तो जाळीवर उचलायचा आणि पुन्हा कागद बनवायचा. याचे रील तुम्ही पाहिले असतीलच. मिक्सर फिरतो, चौकट पाण्यात बुडते, मागे गोड संगीत, आणि पुढच्या सेकंदाला झेंडूच्या पाकळ्या घातलेला देखणा कागद हातात. मधले दोन दिवस कापून टाकलेले असतात. आपण आज त्या दोन दिवसांबद्दल बोलू.

विषय निघाला माझ्या काकूमुळे. काकू वर्ध्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या एका गावात राहते. तिच्या बचत गटात अकरा बाया. त्यांच्याकडे एक माणूस हातकागदाचं युनिट विकायला आला. मशीन घ्या, कर्ज मिळेल, कच्चा माल फुकट म्हणजे रद्दी, आणि तयार माल आम्हीच परत घेऊ. काकूने मला फोन केला. म्हणाली, "तू त कम्प्युटरवाला ना बाप्पा, मंग मले येवढा हिशेब करून दे. याच्यात पैसा हाय का नुसती मेहनत?"

मी बीटेक, घरून सॉफ्टवेअरचं काम करतो, कागदाशी संबंध प्रिंटरपुरता. पण प्रश्न अकरा घरांच्या कर्जाचा होता, त्यामुळे अंदाजाने उत्तर देणं बरोबर नव्हतं. मग मी दोन गोष्टी केल्या. तीन शनिवार-रविवार घरी कागद बनवला, मोबाईलवर टायमर लावून. आणि आपल्याच गावात, मगनवाडीत, नव्वद वर्षांपूर्वी याच धंद्यावर काय काम झालंय ते वाचून काढलं.

आधी घरची गोष्ट.

रद्दी निवडणं हे अर्धं काम आहे आणि रीलमध्ये ते कोणीच दाखवत नाही. दुकानातलं बिल, एटीएमची पावती हा थर्मल कागद. त्यावर रसायनाचा थर असतो, तो लगद्यात घालायचा नाही. चकचकीत मासिकाच्या कागदावर मातीसारख्या पांढऱ्या भुकटीचा लेप असतो, त्यातून तंतू कमी आणि गाळ जास्त निघतो. प्लास्टिक चढवलेल्या लग्नपत्रिका आणि चहाचे कागदी कप बाजूला. वर्तमानपत्र चालतं, पण कागद करडा होतो आणि पुढे पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. सगळ्यात चांगलं म्हणजे जुन्या वह्या, झेरॉक्स, परीक्षेचे पेपर, अंड्यांचे ट्रे. स्टेपलच्या पिना काढायला विसरू नका, मिक्सरचं पातं जाईल.

आणि एक गोष्ट. एका बाजूने कोरा असलेला कागद लगद्यात घालू नका. त्याची शिवून कच्ची वही करा. गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे हे आपण शाळेत ऐकलेलं असतं आणि मग विसरतो. पाणी, वीज, मेहनत काहीच न घालता जो कागद पुन्हा वापरता येतो, त्याच्यापेक्षा स्वस्त रिसायकलिंग कोणतंच नाही.

निवडलेली रद्दी बोटाच्या पेराएवढी फाडायची. हाताने फाडा, कात्रीने कापू नका. फाडल्यावर कडेला तंतू मोकळे निघतात, कात्री तंतूच कापते. रात्रभर भिजत घालायची. सकाळी मूठभर रद्दी आणि भांडंभर पाणी घेऊन मिक्सर थांबवून-थांबवून फिरवायचा. यासाठी जुनं भांडं वेगळं ठेवा, शाईचा लगदा झालेल्या भांड्यात पुन्हा चटणी वाटायची नाही.

आता गणित. ए-फोर आकाराचा, पत्रिकेसारखा जरा जाड, म्हणजे १५० जीएसएमचा कागद वजनाला साधारण साडेनऊ ग्रॅम भरतो. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद बरोबर पाच ग्रॅम. म्हणजे दोन जुन्या कागदांतून एक नवा. दहा कागदांसाठी शंभर ग्रॅम रद्दी, आणि ती दहा लिटर पाण्यात. लगदा दुधासारखा पातळ दिसला पाहिजे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं यात काहीच नाही. असतं.

चौकटी दोन लागतात, सारख्या मापाच्या. जुन्या फोटोफ्रेम चालतात. एकीवर खिडकीची डासांची जाळी ताणून ठोकायची, ढोलकीसारखी. दुसरी नुसती, ती जाळीवर ठेवायची म्हणजे कागदाला कड येते. टबातलं पाणी हाताने ढवळायचं, दोन्ही चौकटी एकत्र धरून उभ्या आत घालायच्या, पाण्याखाली आडव्या करायच्या आणि सरळ वर उचलायच्या. वर येताना एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे हलवायचं. त्याने तंतू एकमेकांत अडकतात. पाणी निथळायला लागलं की हात स्थिर, नाहीतर कागदाला भोक पडतं.

मग वरची चौकट काढून जाळी ओल्या सुती कापडावर पालथी घालायची, दाबायची आणि एका कडेने उचलायची. कागद कापडावर उतरतो. जुन्या धोतराचे तुकडे यासाठी भारी. कापड, कागद, कापड, कागद अशी थप्पी रचायची, खाली-वर दोन पाट, आणि वर आपण स्वतः उभं राहायचं. माझ्या घरी हे काम पुतण्याने आनंदाने केलं, उड्या मारून.

वाळवण्याबद्दल विदर्भाबाहेरचे व्हिडिओ बघू नका. तिथे लिहिलेलं असतं, उन्हात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री पार जातं. त्या उन्हात ओला कागद एका बाजूने आधी सुकतो आणि पापडासारखा वळतो. सावलीत, कापडासकट दोरीवर, आणि थोडा ओलसर असतानाच पुन्हा पाटाखाली. पावसाळ्यात उलटं, तीन दिवस झाले तरी सुकत नाही आणि वर बुरशीचे ठिपके येतात.

उरलेला लगदा मोरीत ओतायचा नाही, पाईप तुंबतो. पिळून त्याचे गोळे करा, वाळवा, पुढच्या वेळी भिजवून वापरा. पाणी गाळून परत टबात.

यात कुठेही डिंक किंवा फेविकॉल नाही, हे लक्षात आलं का? कागद धरून ठेवतो तो सेल्युलोज. पाणी उडून जाताना तंतू एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांच्यात हायड्रोजनचे बंध तयार होतात. पुन्हा पाणी घातलं की ते सुटतात. म्हणूनच तर ओला कागद लगेच फाटतो आणि म्हणूनच रद्दीचा पुन्हा कागद होऊ शकतो.

पण हे अनंत वेळा चालत नाही. प्रत्येक फेरीत तंतू तुटतो, आखूड होतो. आपल्या वहीचा कागद मुळातच निलगिरीसारखं लाकूड, बांबू, उसाचा चोथा किंवा जुनी रद्दी यांचा. निलगिरीचा तंतू जेमतेम एक मिलिमीटर. त्यात मिक्सरचं पातं त्याला आणखी कापतं. माझा पहिला कागद दिसायला छान होता, पण घडी घातली की घडीवर चिरायचा. ज्या कागदाची घडी होत नाही त्याचं पाकीट होत नाही, आणि पाकीट होत नसेल तर काकूचा धंदा तिथेच संपला.

इथून मगनवाडी सुरू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत त्याचं काम सुरू झालं, आणि मगनलाल गांधींच्या नावावरून तिला मगनवाडी म्हणू लागले. सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजी तिथेच राहत होते. तेलघाणी, मधमाश्या, साबण, मगनदीप नावाचा वनस्पती तेलावर चालणारा दिवा, असे एकेक धंदे तिथे तपासून बघितले जात होते. त्यातला एक हातकागद. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही आहे. वर्ध्याच्या कितीतरी पोरांनी ते आतून पाहिलेलं नाही, त्याच्यासमोरून ट्यूशनला मात्र रोज गेलेत.

संघाचे सूत्रधार होते जे. सी. कुमारप्पा. हा माणूस शिक्षणाने लंडनचा चार्टर्ड अकाउंटंट, वर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. म्हणजे चरख्याबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यातला नाही, हिशेबनीस. कागदाचं तांत्रिक काम के. बी. जोशींनी केलं. कागद हा घरगुती उद्योग म्हणून कसा करायचा यावर त्यांचं अख्खं पुस्तक आहे, संघानेच काढलेलं. पुढे १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली ती जोशींच्याच हातून. तुम्ही पुण्यात असाल तर तिथे जा, कागद हातात घेऊन बघा.

तिथला कागद चिंध्यांचा, होजिअरीच्या सुती कातरणींचा. आणि हे काही गांधींनी शोधलेलं नाही. चीनमध्ये इसवी सन १०५ च्या सुमारास त्साय लुनच्या नावावर जो कागद सांगितला जातो त्यातसुद्धा जुन्या चिंध्या आणि मासेमारीची जाळी होती. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरमध्ये कागद बनवणारी घराणी होती. पेशव्यांच्या काळातली मोडी दफ्तरं अशाच हातकागदावर आहेत. लाकडाचा कागद त्या मानाने कालचा, एकोणिसाव्या शतकातला.

चिंधीच का, तर कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, नव्वद टक्क्यांच्या वर. लाकडात ते निम्म्याहून कमी, बाकी लिग्निन वगैरे काढून टाकायला रसायनं लागतात. आणि कापसाचा तंतू सव्वा इंचापर्यंत लांब. म्हणजे ज्या जिल्ह्यात शेत पऱ्हाटीने भरलेलं असतं त्या जिल्ह्याला कागदासाठी जंगल लागायला नको.

मी दुसऱ्या आठवड्यात चिंध्या घेतल्या. एक सेंटिमीटरचे तुकडे केले, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दोन तास उकळले, भरपूर धुतले, आणि आजीचं उखळ-मुसळ बाहेर काढलं. मिक्सरमध्ये चिंध्या घालू नका, धागे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. मगनवाडीत पायाने चालवायची ढेकी असायची ती याचसाठी. कुटल्यावर तंतू तुटत नाही, चेपतो आणि त्याला केसासारखी लव सुटते. ती लवच कागदाला पकड देते. घरी एका माणसाला पूर्ण चिंधीचा लगदा कुटणं शक्य नाही, हात भरून येतात. मी चार भाग रद्दीला एक भाग चिंधी घेतली. तेवढ्यानेसुद्धा घडी चिरायची थांबली. पाकीट झालं!

काकूच्या गावात मी टेलरकडे गेलो, चिंध्यांचं पोतं मागितलं. त्याने फुकट दिलं. घरी येऊन एकेक धागा जाळून बघितला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आकसतो, वितळतो, टोकाला कडक मणी होतो. पोत्यातलं बहुतेक सगळं पॉलिस्टर किंवा मिक्स. शाळेचे युनिफॉर्म, शर्ट, ब्लाऊजचे अस्तर, सगळं. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिक, ते पाण्यात असा बंध धरतच नाही. कापूस पिकवणाऱ्या गावातल्या टेलरकडे शुद्ध सुती चिंधी मिळू नये यावर मला फार काही बोलायचं नाही, पण कच्चा माल फुकट हे त्या मशीनवाल्याचं वाक्य तिथे निकालात निघालं. फुकट आहे ती रद्दी. नुसत्या रद्दीचा कागद टिकत नाही.

आता हिशेब, ज्यासाठी काकूने फोन केला होता.

दहा कागद उचलायला मला चाळीस मिनिटं लागली. फाडणं, मिक्सर, दाबणं, कापडावरून सोडवणं सगळं धरून अडीच तास. म्हणजे एका कागदाला पंधरा मिनिटं. सराव झाला, दोघी-तिघींनी कामं वाटून घेतली, तर ते पाच मिनिटांवर येईल असं धरू. तासाला बारा कागद. बाईला दिवसाचे चारशे रुपये पडायचे असतील तर तासाचे पन्नास, म्हणजे एका कागदावर मजुरीच चार रुपयांच्या वर. झेरॉक्सचा पाचशेचा गठ्ठा घेतला तर एक कागद साठ पैशांच्या आसपास पडतो. इथे हातकागद हरला. लिहायचा कागद म्हणून तो विकायचा विचारही करू नये.

कुमारप्पांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांचं म्हणणं होतं की तुमच्या हिशेबात काही रकाने रिकामे आहेत. स्वस्त वस्तूला दिलेला पैसा किती हातांत वाटला जातो, कुठे जातो, आणि ती वस्तू कशावर जगते, हे रकाने. १९४५ मध्ये जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकात ते दोन प्रकार सांगतात. एक साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था, खाणीसारखी, काढलं की संपलं. दुसरी वाहत्या पाण्यावर जगणारी, दरवर्षी पुन्हा येतं तेवढंच घ्यायचं. चिंधी आणि पऱ्हाटी दुसऱ्या रकान्यात बसतात.

मला हा हिशेब पटतो. पण तो देशाचा हिशेब आहे, काकूच्या पासबुकाचा नाही. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि रिकामे रकाने तो भरत नाहीत. संघाच्या काळात त्यांचा कागद घेणारी माणसं होती, खादी भांडारं होती, स्वतःच्या विचारापायी महाग कागद घेणारे वाचक होते. आज काकूच्या मागे तसं कोणी उभं नाही, म्हणून गिऱ्हाईक आधी शोधायचं आणि मशीन नंतर.

मी काकूला म्हटलं, कागद विकू नका, पाकीट विका. आपल्याकडे लग्नात आहेराचं पाकीट लागतंच, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. एका ए-फोर कागदातून एक होतं. दहा रुपयांना गेलं तर मजुरी, चिंधी, नाणं काढून चार पैसे उरतात. काकू थोडा वेळ गप्प. मग तिने जे सांगितलं ते माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. "वेचणीच्या दिवसात एकही बाई कागदाले बसणार नाही. संक्रांतीपर्यंत कोणाले टाईम हाय? मंग फेब्रुवारीपासून रिकाम्याच रायतो आम्ही." म्हणजे शेतात काम नाही, लग्नं तोंडावर, आणि हवा कोरडी, तिन्ही एकाच वेळी. पावसाळ्यात, जेव्हा कागद सुकत नाही, तेव्हा निंदणाला मजुरी मिळतेच. बारा महिने चालणारं मशीन आणि बारा महिन्यांचा हप्ता या गावाच्या कॅलेंडरला बसतच नाही.

मशीनवाल्याला काकूने माल परत घेण्याचं लेखी मागितलं. भाव किती, महिन्याला किती नग, किती वर्षं. तो पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला, ते आठवडे अजून सरायचे आहेत.

तर ठरलं असं. कर्ज नाही. दोन टब, सहा चौकटी, एक उखळ. सुताराचे पैसे गटाच्या बचतीतून. पहिलं लक्ष्य दोनशे पाकिटं. विकली तर पुढचं बोलू, नाही विकली तर टब कपडे भिजवायला कामी येतील, हे काकूचंच वाक्य. अकरापैकी चौघी बसल्या.

एक अडचण अजून चालू आहे, आणि तुमच्यापैकी कोणाला अनुभव असेल तर हवाच आहे. हातकागद शाई पितो, टिपकागदासारखा. नाव लिहिलं की पसरतं. जुने कारागीर खळ लावायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. आम्ही तांदळाची खळ लावली, दोन्ही बाजूंनी ब्रशने, वाळल्यावर स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटली. बॉलपेन छान चालतो, जेलपेन थोडा पसरतो. पण खळ म्हणजे झुरळांना आणि कसरीला जेवण. तुरटी घातली तर ते कमी होतं, मात्र तुरटीने आम्लता वाढते आणि काही वर्षांनी कागद ठिसूळ होतो. माझं मत, पाकिटाला तुरटी चालेल, ते आठवडाभर जगतं. डायरीला घालू नये. काकूचं मत, दोन्हीला घालू नये, कडुलिंबाचा पाला उकळून बघू. त्यावर सध्या मतदान सुरू आहे, तीन विरुद्ध दोन, आणि दोनमध्ये मी आहे.

आजपर्यंत १४० पाकिटं झाली, त्यातली ६५ विकली गेली. ४० एका लग्नात, बाकी सुटी. येत्या रविवारी मी पुन्हा गावाला जातोय, पाल्याच्या पाण्याचे आणि तुरटीचे असे दोन्ही नमुने करून घेऊन यायचेत. कोणाच्या ओळखीत शुद्ध सुती टी-शर्ट शिवणारं युनिट असेल, नागपूर-अमरावतीकडचं चालेल, तर कातरणी किलोने विकतात का तेवढं विचारून ठेवा. भेटू पुढच्या भागात.